पोटमाळ्यावरचे दप्तर

१८९८ साली बंगळूरच्या पेठेत प्लेग शिरला, आणि त्या दाट वस्तीची कोंडी फोडण्यासाठी म्हैसूर दरबाराने उत्तरेस मल्लेश्वरम् व दक्षिणेस बसवनगुडी अशा दोन नव्या वसाहती सरळ रस्त्यांनी वसविल्या. आणि त्याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी, वाईस सापडलेल्या जुन्या पत्रांच्या आधारे, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पानिपतविषयक पहिला खंड छापून काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मला कबूल आहे. तथापि बसवनगुडीत बिऱ्हाड करून राहिलेल्या मराठी माणसाला असले योगायोग जवळ बाळगण्याची खोड असते. परमुलखात तेवढाच आपला वतनी हक्क. हा योगायोग माझ्याजवळ पुष्कळ वर्षे निरुपयोगी पडून होता. तो उपयोगी पडला तो एका अमेरिकन अनुबोधपटामुळे, आणि तोही अशा संगीताविषयीच्या, की ज्याचा नाद राजवाड्यांच्या कानी पडता तर त्यांनी एक खरमरीत प्रस्तावनाच लिहिली असती.

कार्तिकातला शेवटचा सोमवार होता. केंपेगौडाने १५३७ मध्ये बांधविले असे सांगतात त्या मोठ्या नंदीच्या देवळापुढे त्या दिवशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी लागतात, आणि कर्ण्यांच्या गोंगाटात वाचनलेखनाची आशा सोडावी लागते. निरुपायाने मी दार लावून घेऊन ‘अ बँड कॉल्ड डेथ’ हा मार्क कोव्हिनो आणि जेफ हाऊलेट यांचा २०१२ चा चित्रपट लावला. एका गोंगाटावर दुसऱ्या गोंगाटाचा उतारा, एवढाच माझा हेतू होता.

डेट्रॉइट शहरातील डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी या तीन कृष्णवर्णीय बंधूंची ही हकीकत. त्यांच्या आळीत आणि त्यांच्या ज्ञातीत ज्या काळी मोटाऊनचे मुलायम संगीत हेच संगीत समजले जाई, त्या काळी या तिघांनी अतिवेगवान, रोखठोक, दोन-तीन मिनिटांत संतापाचा निचरा करणारे असे काही वाजविण्यास आरंभ केला, की ज्याला पुढे जगाने पंक हे नाव दिले. वडील अपघातात गेल्यानंतर डेव्हिडने बँडचे नाव ‘डेथ’ ठेवले. मृत्यूकडे भयाने पाहण्याचे कारण नाही, तो जन्माइतकाच स्वाभाविक आहे, असा त्याचा सिद्धांत होता. १९७५ साली डेट्रॉइटच्या युनायटेड साऊंड या ध्वनिमुद्रणगृहात त्यांची सात गाणी मुद्रित झाली. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातले बडे गृहस्थ क्लाइव्ह डेव्हिस पैसे घालण्यास राजी होते. अट एकच, नाव बदलावे. डेव्हिडने नकार दिला.

या नकाराविषयी चित्रपट फार भारावून बोलतो. मला मात्र त्यात तत्त्वनिष्ठेइतकाच, आपल्याकडील घराणेदार बुवांच्या अंगी असतो तसला, शुद्ध हट्ट दिसला, आणि त्याची किंमत धाकट्या दोघा भावांना मोजावी लागली हेही दिसले. करार मोडला. १९७६ मध्ये बंधूंनी पदरमोड करून दोन गाण्यांची एक तबकडी ५०० प्रतींत काढली. ती कोणी वाजविली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रमोन्सची पहिली तबकडी निघाली आणि पंकचे जनकत्व त्यांच्या नावे रुजू झाले. हॅकनी बंधू व्हरमाँट प्रांतात जाऊन भजनी वळणाची गाणी वाजवू लागले; पुढे डेव्हिड डेट्रॉइटला परतला, आणि मागे राहिलेल्या दोघांनी रेगेचा बँड काढून संसार चालविले. २००० साली डेव्हिड फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. मरणापूर्वी त्याने मूळ फितींची पेटी बॉबीच्या हवाली केली, ती अशा निश्चयाने, की एक दिवस जग या फिती मागत येईल. बॉबीने ती पोटमाळ्यावर टाकली.

जग आले, परंतु पुढच्या दाराने नव्हे. त्या ५०० प्रतींपैकी काही जुन्या तबकड्यांच्या शौकिनांच्या हाती लागून त्यांचा भाव शेकडो डॉलरांत गेला होता. आणि बॉबीच्या मुलाने सॅन फ्रान्सिस्कोतील एका मेजवानीत एक गाणे ऐकले, तेव्हा त्यातला आवाज आपल्या बापाचा आहे हे त्याच्या ध्यानी आले. बापाने ही गोष्ट मुलांना कधी सांगितलीच नव्हती! २००९ मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटी कंपनीने ती सात गाणी प्रसिद्ध केली, आणि चौतीस वर्षांनी दोघे भाऊ पुन्हा त्याच नावाने मंचावर उभे राहिले.

येथे मला राजवाडे आठवले. परक्या गावी जाऊन, एखाद्या जुन्या वाड्याच्या धन्याची विनवणी करून, कसर लागलेले रुमाल उपसणारा तो तापट ब्राह्मण, आणि कुठल्याशा तळघरात गुडघे टेकून धुळकट तबकड्या चाळणारा हा दाढीवाला गोरा शौकीन, यांची जात एकच. दोघांनाही ठाऊक असते, की टिकते ते चांगले म्हणून टिकत नाही. कोणी फेकून दिले नाही म्हणून टिकते. आणि या न्यायाचा सर्वांत सुंदर दाखला याच बंगळूरचा आहे.

१६३८ च्या सुमारास विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांनी येथे जो दरबार थाटला, त्याची कीर्ती ऐकून नाशिक प्रांतीचा जयराम पिंड्ये नावाचा कवी त्यांच्या भेटीस आला आणि त्याने राजांपुढे बारा नारळ मांडले. बारा कशाला, असे विचारता, मी बारा भाषांत कविता करतो, असे उत्तर दिले. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबारचे कवी एकामागून एक उठतात, कोणी संस्कृतात, कोणी प्राकृतात, कोणी हिंदुस्थानीत समस्यापूर्ती करतो, एवढा मोठा ताफा एका ठिकाणी जमला होता याची नंतरच्या अडीच शतकांना दादही नव्हती. १९२२ मध्ये राजवाड्यांनी तो चंपू, पोथीहून जाडजूड प्रस्तावनेसह, छापला, तेव्हा मराठी वाचकांना आपल्याच राजाचा बंगळूरचा दरबार प्रथम डोळ्यांपुढे दिसला. पोथी जपणाऱ्याने ती वाचली असेलच असे नाही. बॉबी हॅकनीनेही त्या फिती वर्षानुवर्षे ऐकल्या नव्हत्या.

मग आमच्याकडील विजेच्या गिटारींचे काय झाले? १९७० च्या सुमारास इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटींची जाहिरात म्हणून ‘सिमला बीट’ नावाच्या स्पर्धा भरविल्या आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धकांच्या दोन तबकड्या काढल्या. धूम्रपानाच्या कृपेने शिल्लक राहिलेला हा आमच्या रॉकचा जमाखर्च. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकुलती तबकडी तर येथे विसरली गेली, आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नाऊ-अगेन कंपनीने तिचे पुनरुज्जीवन केले. चरणजीत सिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने १९८२ मध्ये यमन, मालकंस, ललत असे दहा राग यांत्रिक तालावर वाजविले होते. ती तबकडी २००२ साली दिल्लीत एका डच संग्राहकाच्या हाती पडली आणि २०१० च्या पुनर्मुद्रणानंतर युरोपातील जाणते तिला एका अख्ख्या नृत्यसंगीतप्रकाराची पूर्वसूरी म्हणू लागले. आपला माल आपणास परदेशी दलालाकडून परत घ्यावा लागतो, याची लाज वाटण्याचे आता मी सोडून दिले आहे. निदान परत मिळतो तरी.

जो मिळत नाही त्याचे शल्य मात्र राहते. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा मुलगा नंदू हा मराठी घरात जन्मलेला खराखुरा रॉक गायक. ‘वेल्वेट फॉग’ या बँडमध्ये तो गायला, अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राईस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झाला, आणि ब्रेख्टच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी १९७८ मध्ये बसविला तेव्हा लावणी, नाट्यपद आणि रॉक यांच्या त्या विलक्षण मिश्रणात त्याचा गळा मराठी प्रेक्षकांसमोर आला. नाट्यसंगीताच्या एकेका पदाच्या चार चार ध्वनिमुद्रिका जपणाऱ्या, ठुमरीच्या मुखड्यावरून रात्र रात्र वाद घालणाऱ्या आमच्या रसिकवर्गाने या आवाजाला पाहुणा मानले, घरचा मानले नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये नंदू भेंडे गेले. त्यांच्या पोटमाळ्याशी जाणारा राजवाडा अजून मला दिसलेला नाही. आणि तो निघालाच तर तो पुण्याचा असेल की बर्लिनचा, यावर पैज लावण्याची माझी तयारी नाही.

चित्रपट संपला तेव्हा जत्रेचे कर्णे चालूच होते. चार दिवसांनी घरमालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या अज्जींनी, सणाची साफसफाई उशिरा का होईना पुरी करायची म्हणून मला स्वयंपाकघरावरच्या अट्टावर चढविले. अट्ट म्हणजे आपला पोटमाळाच. तांब्याची दोन पातेली, मोडका पाळणा, कन्नड मासिकांचे गठ्ठे, आणि त्यांच्या तळाशी पत्र्याच्या डब्यात एक ध्वनिफीत, जुन्या घडणीची, रिळावर गुंडाळलेली. वर नाव नाही, साल नाही. “यजमानांची असेल,” अज्जी खालून म्हणाल्या, “ते काय काय आणून ठेवीत. रद्दीवाला उद्या येणार आहे, मासिकांबरोबर देऊन टाका.” ती वाजविण्याचे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते, माझ्यापाशीही नव्हते. मी मासिके खाली दिली, पातेली खाली दिली, आणि डबा फडक्याने पुसून जेथे होता तेथेच, जरा आत सरकवून, ठेवला.