उलटं तुळशीवृंदावन

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तशी ती खोलीकडे बघत म्हणाली, "भिंतीला चुना कधी काढलात रे?" चुना कोणी काढला नव्हता. भिंत होती तशीच पांढरी होती. पिवळं पडलं होतं ते तिच्या डोळ्यातलं भिंग.

मी सरकारी कारकून, शिक्षणाने बी. ए., विज्ञानाशी संबंध दहावीपुरताच. पण त्या प्रश्नाने लहानपणीची एक गोष्ट आठवली आणि मग महिनाभर मिळेल ते वाचत सुटलो.

गोवर आला म्हणून मला आठवडाभर मधल्या काळोख्या खोलीत निजवलं होतं. खिडकीच्या फळीतली लाकडाची गाठ गळून करंगळी जेमतेम शिरेल एवढं भोक पडलं होतं. दुपारी डोळे उघडले, तर समोरच्या भिंतीवर आमचं अंगण! तुळशीवृंदावन खाली डोकं वर पाय, माड उलटे आणि लाल लुगड्यातली आजी छताला पाय लावून चालते आहे. तापात मी किंचाळलो. आजीने येऊन मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तिच्या मते मला नजर लागली होती.

आता गंमत बघा. 'नजर लागणे', 'नजर टाकणे', 'नजर पोचणे' असं आपण अजून म्हणतो. म्हणजे नजर डोळ्यातून निघते आणि वस्तूवर जाऊन पडते. ही काही अडाणी समजूत नव्हे. आपल्या नैयायिकांनी डोळा हे तैजस इंद्रिय मानलं. त्याचा किरण वस्तूपर्यंत जातो असं त्यांचं म्हणणं. ग्रीकांच्या युक्लिडनेही दृष्टीचे किरण डोळ्यातूनच सोडले होते.

सुमारे 1000 वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने हे उलटवलं. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतं. त्याने भोकासमोर दिवे ओळीने मांडले. एक दिवा झाकला की पलीकडच्या काळोखातला नेमका त्याचाच ठिपका नाहीसा व्हायचा. प्रकाश सरळ रेषेत येतो, आणि भोकातून येताना वरचा खाली व खालचा वर जातो. माझ्या आजीचे पाय छताला लागले ते यामुळेच.

पण डोळ्याशी येऊन हा थोर माणूसही थबकला. डोळ्यात किरणांनी एकमेकांना ओलांडलं तर चित्र उलटं पडेल आणि जग तर सुलट दिसतं! म्हणून त्याने डोळ्यात किरण ओलांडूच दिले नाहीत. पुढे लिओनार्दो दा व्हिंचीने डोळ्याची तुलना काळोख्या खोलीशी केली, पण त्यानेही किरण दोनदा ओलांडायला लावून चित्र सुलट करून घेतलं. दोघांची बुद्धी अफाट. पण उलटं चित्र दोघांच्याही पचनी पडेना.

ते पचवलं योहान्नेस केपलरने. लहानपणी देवी आल्याने त्याची स्वतःची नजर अधू. जुलै 1600 मध्ये त्याने ग्रात्स गावच्या बाजारात तंबूवजा साधन उभारून, भोकातून सूर्यग्रहण पाहिलं. तिथून तो भोकाच्या चित्राकडे आणि मग डोळ्याकडे वळला. 1604 च्या ग्रंथात त्याने सांगून टाकलं की बुबुळामागचं भिंग किरण एकत्र आणतं, मागच्या पडद्यावर चित्र पडतं आणि ते उलटंच असतं. ते सुलट कसं दिसतं, हा प्रश्न त्याने इतरांवर सोपवला. आपलं काम कुठे संपतं हे ओळखायलाही धैर्य लागतं. पुढे देकार्तने 1637 मध्ये प्रयोग लिहून ठेवला : मेलेल्या बैलाच्या डोळ्याची मागची बाजू कापून तिथे पातळ कागद किंवा अंड्याचं कवच लावा, त्यावर बाहेरचं दृश्य उलटं उमटलेलं दिसेल.

कॅमेरा म्हणजे हीच काळोखी खोली, पेटीएवढी केलेली. भोकाच्या जागी भिंग आणि भिंतीच्या जागी, 1839 मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हापासून, चित्र धरून ठेवणारा पत्रा. पंधरा वर्षांत, 1854 ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिथल्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजी लाड यांचे ते धाकटे भाऊ, म्हणजे मूळ घर आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचं. पेशाने डॉक्टर आणि हातात कॅमेरा!

पण डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. कॅमेऱ्याचं भिंग नेम साधायला मागेपुढे सरकतं, डोळ्याचं भिंग आपला फुगीरपणा बदलतं. आणि डोळ्याच्या पडद्यापुढे चित्र बघत कोणी बसलेलं नसतं. पडद्यावर 12 कोटींच्या आसपास प्रकाशपेशी आणि मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत धागे जेमतेम 10-12 लाख. चित्र तसंच्या तसं वर जात नाही. निवडून, गाळून जातं. 1890 च्या दशकात अमेरिकेत स्ट्रॅटन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं आठवडाभर वापरली. शेवटी तो त्या उलट्या जगात बऱ्यापैकी वावरू लागला. उलट-सुलट पडद्यावर नव्हे, त्याच्या मागे ठरतं.

सुश्रुतसंहितेतली शस्त्रक्रिया मोतीबिंदू नजरेआड सारायची. प्रकाश यायचा, पण भिंग गेल्याने चित्र अंधुक राही. लंडनमध्ये 1949 ला हॅरल्ड रिडलीने डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात राहूनही त्रास देत नाहीत, हे त्याने पाहिलं होतं. तसलंच भिंग आता आईच्या डोळ्यात आहे.

एक सांगायचं राहिलं. गेली दोन-तीन वर्षं माझे ऑफिसचे पांढरे शर्ट निळसर होऊन यायचे. आई नीळ जास्त घालायची. सहकारी हसायचे आणि मी घरी येऊन तिच्यावर ओरडायचो, "एवढंही दिसत नाही का?" तिला खरंच दिसत नव्हतं. सगळं इतकं हळूहळू पिवळं होत गेलं की तिचं तिलाही कळलं नाही. तिने दोष साबणाला दिला, आम्ही तिला.

परवा तिने दोरीवरचा शर्ट हातात धरला. आधी एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. "एवढी नीळ मी घालत होते? मग सांगितलं का नाहीस?"

मी सांगितलं होतं. फक्त ओरडून. असो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.