कारण ताटात की जनुकात? स्वादुपिंडदाहाच्या शोधाचा भारतीय इतिहास

उत्तर कोलकात्यातील बागबाजारात 1868 मध्ये नवीनचंद्र दास यांनी स्पंजासारखा मऊ रसगुल्ला तयार केला, असे बंगाली परंपरा मानते. मधुमेहाचा विषय निघाला की दोष अशा मिठाईच्या हंडीला दिला जातो. परंतु मिठाईशी संबंध नसलेला मधुमेहाचा एक प्रकार भारतीय उपखंडात आहे. त्याचे मूळ स्वादुपिंडाच्या जुनाट दाहात असते. या ग्रंथीच्या नलिकांत कॅल्शियमचे खडे साचतात, ती हळूहळू आक्रसते आणि अखेरीस इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीही नष्ट होतात. या आजाराचे कारणही दीर्घकाळ ताटातच शोधले गेले.

1959 मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांच्या स्वादुपिंडात असे खडे आढळल्याची नोंद केली. त्याच सुमारास केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांच्याकडे असे रुग्ण मोठ्या संख्येने येत होते. बालपणी वारंवार पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन तारुण्यात मृत्यू, असा या रुग्णांचा जीवनक्रम त्यांनी नोंदवला. त्यांचा ‘पँक्रिॲटिक डायबेटिस’ हा ग्रंथ 1968 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. हे रुग्ण बहुधा गरीब आणि कृश असत. मद्यपान हे पाश्चात्त्य देशांतील प्रमुख कारण त्यांना लागू पडत नव्हते.

मग संशय टॅपिओकावर, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा बनतो त्यावर गेला. केरळमधील गरिबांचे ते मुख्य अन्न होते आणि त्यात सायनाइड मुक्त करणारी द्रव्ये असतात. 1979 मध्ये मॅकमिलन आणि गीवर्गीस यांनी हा संबंध सविस्तर मांडला. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराला कुपोषणजन्य मधुमेहाच्या वर्गात स्थान दिले.

तथापि, पुरावा अपुरा ठरला. हा कंद न खाणाऱ्या प्रदेशांतही रुग्ण आढळत होते, तर पश्चिम आफ्रिकेत तो भरपूर खाल्ला जात असूनही आजार विरळ होता. शिवाय पाचक रस आटला की अन्नातील स्निग्धांश पचत नाही आणि वजन घटते. म्हणजे कृशता हे कारण नसून पुष्कळदा परिणाम होता. 1999 मध्ये कुपोषणजन्य मधुमेह हा वर्ग रद्द झाला.

दरम्यान संशोधनाचा रोख जनुकांकडे वळला होता. 1996 मध्ये व्हिटकॉम्ब व सहकाऱ्यांनी आनुवंशिक स्वादुपिंडदाहाचे मूळ ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात दाखवले. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर ग्रंथीतच अकाली सक्रिय झाले, तर ते ग्रंथीलाच पचवू लागते. त्याला आवर घालणारे प्रथिन ‘स्पिंक-1’ या जनुकाच्या आदेशाने बनते. 2002 मध्ये बांगलादेश आणि दक्षिण भारतातील रुग्णांत, तर 2004 मध्ये हैदराबादच्या संशोधकांच्या अभ्यासात या जनुकातील बदल ठळकपणे आढळला. मात्र हाच बदल काही निरोगी व्यक्तींतही दिसतो. तो धोका वाढवतो, पण एकटाच आजार घडवतो असे म्हणता येत नाही. धूम्रपान, मद्य, रक्तातील अतिरिक्त कॅल्शियम वा ट्रायग्लिसराइड आणि प्रतिकारशक्तीचा बिघाड यांचाही विचार करावा लागतो.

प्रयोगशाळेचा इतिहासही असाच सावध करणारा आहे. 1908 मध्ये वोल्गेमुट यांनी ॲमायलेज मोजण्याची पद्धत दिली आणि तीव्र दाहाच्या निदानाला मोठा आधार मिळाला. जुनाट दाहात मात्र विकर बनवणाऱ्या पेशीच उरत नाहीत. त्यामुळे वेदना असतानाही ॲमायलेज आणि लायपेज सामान्य येऊ शकतात. अशा वेळी मलातील इलास्टेज उपयोगी पडते. प्रतिग्रॅम 200 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण ग्रंथीची दुर्बलता सुचवते, परंतु आरंभीच्या अवस्थेत ही चाचणीही चुकू शकते. खडे आणि नलिकांची रचना पाहण्यासाठी सीटी, एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी लागते.

सामान्य अहवाल पाहून पोटदुखीच्या तरुणाला ‘काही झालेले नाही’ असे सांगणे आणि अर्धवट पुराव्यावर गरिबाच्या अन्नाला दोषी ठरवणे, या दोन्हींत चूक एकच आहे. एका आकड्याला किंवा एका कारणाला संपूर्ण उत्तर मानले जाते. ते उत्तर चुकते तेव्हा उपचारांचा मोलाचा काळ रुग्णाच्या हातून निसटतो.