अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घर आणि मुलांच्या श्रद्धेची जडणघडण : टिळक कुटुंबाच्या विशेष संदर्भात

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुतांशी धर्मांतराचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी कोणता सामाजिक छळ सोसला, याची चर्चा विपुल आढळते. धर्मांतरितांच्या घरात जन्मलेल्या मुलांचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला आहे. आईवडिलांनी जुना धर्म सोडून नवा स्वीकारला होता. मुलांना सोडण्यासारखे काही नव्हते. वडिलांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना मुलाला वारशाने देता येत नाही, ही या घरांपुढील खरी अडचण होती. या अडचणीतून नगरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी कसा मार्ग काढला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अमेरिकन मराठी मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये नगर येथे आपले केंद्र सुरू केले. हे मिशनरी प्रामुख्याने न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत विश्वासणाऱ्यांच्या मुलांना बालपणीच बाप्तिस्मा दिला जाई. परंतु प्रभुभोजनाचा पूर्ण अधिकार मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्यानंतरच मिळे. त्यामुळे मिशनच्या अहवालांत बाप्तिस्मा झालेली मुले व प्रभुभोजनात भाग घेणारे सभासद यांच्या नोंदी वेगवेगळ्या केलेल्या दिसतात. या दोन नोंदींमधला काळ म्हणजेच घराचा काळ होय. खुद्द अमेरिकेतही याच प्रश्नावर वाद सुरू होता. ख्रिस्ती घरातील मुलाने आधी स्वतःला पापी म्हणून ओळखावे व मग त्याचे परिवर्तन व्हावे, अशी पुनरुज्जीवनवादी उपदेशकांची अपेक्षा असे. उलट कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथील पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिश्चन नर्चर’ या ग्रंथात, मूल प्रारंभापासून ख्रिस्ती म्हणूनच वाढावे व आपण कधी वेगळे होतो याची आठवणही त्याला नसावी, असा विचार मांडला. घरातील वातावरण हेच त्यांच्या मते श्रद्धेचे पहिले साधन होते.

न्यू इंग्लंडमध्ये असे वातावरण अनेक पिढ्यांनी घडविलेले होते. नगरमध्ये ते कोठून आणावयाचे? हरिपंत खिस्ती किंवा रामकृष्णपंत मोडक यांच्यासारख्या आरंभीच्या धर्मांतरितांच्या घरी ख्रिस्ती आजी नव्हती, ख्रिस्ती अंगाईगीत नव्हते, सणावाराची ख्रिस्ती रीत नव्हती. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर राहुरी, नेवासे, शेवगाव, पारनेर या भागांतील महार व मांग समाजातील अनेक कुटुंबे मंडळीत आली. तेथील प्रश्न आणखी वेगळा होता. आईवडील बहुधा निरक्षर व मूल मात्र मिशनच्या शाळेत जाणारे. शुभवर्तमान वाचून दाखविणारे घरातील पहिले माणूस अनेकदा ते मूलच असे. श्रद्धा आईवडिलांकडून मुलाकडे जाते, हा सर्वसाधारण समज येथे लागू पडत नाही. मिशनने वसतिगृहे काढून मुलांना घरापासून दूर ठेवण्याचा मार्गही अवलंबिला. त्यातून शिक्षक व पाळक तयार झाले हे खरे. पण घराविषयीचा अविश्वासही त्या योजनेत होता, हे नाकारता येत नाही.

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट व प्रांजळ नोंद टिळक कुटुंबाच्या रूपाने उपलब्ध आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजेच पुढे लेखक व संपादक म्हणून प्रसिद्ध झालेले देवदत्त नारायण टिळक, १८९१ चा. त्या वेळी तो अगदी लहान होता. बाप्तिस्म्यामुळे पतिपत्नींची ताटातूट झाली. मूल आईजवळ, सनातनी नातलगांत राहिले. वडील नगरला मिशनच्या कार्यात होते. वडिलांचा धर्म हेच घर मोडण्याचे कारण, अशी समजूत त्या वयाच्या मुलाची झाली असती तर त्यात नवल नव्हते.

लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे आल्या त्या सोवळे न सोडता. चूल वेगळी, पाणी वेगळे. एकाच कुटुंबात दोन धर्म नांदत होते आणि मूल दोहोंच्या मध्ये वाढत होते. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पतीने सक्ती केली असती तर कदाचित तो आधीच झाला असता; परंतु मग त्या घरातील श्रद्धेचे स्वरूपही निराळे झाले असते. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे बालपण येथे लक्षात घ्यावयास हवे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाल्यानंतर वडिलांच्या मनाने घेतलेला धसका सोवळ्याच्या अतिरेकात व्यक्त झाला. धर्म म्हणजे धाक, ही त्यांची लहानपणची ओळख होती. ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४–३६) वाचताना जाणवते की, हा धाक आपल्या मुलांपर्यंत त्यांनी पोहोचू दिला नाही. ज्या विनोदाने त्या आपल्या सोवळ्याकडे पाहतात, त्याच विनोदाने ख्रिस्ती झालेल्या पतीच्या लहरी, रागलोभ आणि अव्यवहारी दानशूरपणाही सांगतात. आईवडिलांचे दोष मुलांपासून झाकून ठेवणारे हे घर नव्हते. मुलांच्या दृष्टीने प्रश्नोत्तरावली पाठ करण्यापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची ठरली असावी.

दुसरी बाब भाषेची. टिळक स्वतःला तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेले मानीत. त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाद्वारे मराठी मंडळ्यांत व घराघरांत रुळली. तत्पूर्वी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा या जिल्ह्यात रुजविली होती. पुढे लक्ष्मीबाईंनीही कीर्तने केली. झांजेच्या तालावरचे भजन निरक्षर आईलाही येत होते. मुलाने पुस्तकातून वाचलेले व आईने कानाने ऐकलेले येथे एकत्र आले. परदेशी चालीवरील भाषांतरित गीत मुलाला पाठ होई, पण ते आईच्या तोंडी दळताकांडताना सहसा येत नसे. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या मुलांसाठीच्या कवितांत धर्मोपदेशापेक्षा सृष्टीविषयीचे प्रेम व प्राणिमात्रांविषयीची करुणा प्रकर्षाने आढळते, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

हे घर बंदिस्तही नव्हते. अनेक अनाथ मुले तेथे वाढली. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनानंतर टिळकांच्या स्नेहात आलेले बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले, देवदत्तांचे जिवलग झाले आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. मुलाच्या श्रद्धेचे रक्षण करण्यासाठी त्याला अन्य धर्मीयांपासून दूर ठेवले पाहिजे, असे या आईवडिलांना वाटले नाही. नगरच्याच ख्रिस्ती मोडक घराण्यात १९१८ मध्ये जन्मलेले शाहू मोडक पुढे चित्रपटांत कृष्णाच्या व ज्ञानेश्वरांच्या (‘संत ज्ञानेश्वर’, १९४०) भूमिकांमुळे घरोघरी पोहोचले. नगरच्या ख्रिस्ती घरांतील मोकळेपणाचे हेही एक उदाहरण मानता येईल. अर्थात सर्वच घरे अशी होती असे नव्हे. टिळकांचे घर साक्षर, ब्राह्मणी संस्कारांतून आलेले व साहित्यिक होते. खेड्यातील ख्रिस्ती शेतमजुराच्या घरातील श्रद्धेने मागे इतका लेखी पुरावा ठेवलेला नाही. तेथील पुरावा प्रामुख्याने गाण्यांत व स्मरणांत शोधावा लागतो.

टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला, तो सुमारे दहा अध्यायांवर थांबला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांचे अक्षरज्ञान लग्नानंतरचे होते त्या लक्ष्मीबाईंनी पुढील साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा काव्याचा शेवट व्हावयाचा होता. ‘ख्रिस्तायना’चा अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहिला.