अद्‌भुताची प्रयोगक्षमता

संहिता वाचून नाटकाची प्रयोगक्षमता ठरत नाही; ती नटाच्या देहावर कसाला लागते. गिरीश कर्नाडांनी १९८७-८८ मध्ये शिकागोत लिहिलेल्या ‘नागमंडल’मध्ये नाग पतीचे रूप घेऊन राणीकडे येतो. वाचताना हे अद्‌भुत सहज पटते. रंगमंचावर एकाच देहातले नाग आणि नवरा वेगळे ओळखावेत कसे, हा पेच पडतो. सुरजित पातर यांनी हे नाटक पंजाबीत आणले. नीलम मानसिंग चौधरी यांनी ते चंदीगडमध्ये बसवले. त्यांच्या नाट्यसंस्थेत शहरी नटांसह पंजाबचे नक्काल, म्हणजे स्त्रीवेष हीच परंपरा असलेले ग्रामीण कलावंत, वावरत आले. रूप पालटणे जिथे नित्याचे, तिथे रूप पालटणाऱ्या नागाचा खुलासा करावा लागत नाही. तमाशातला नाच्या पाहिलेल्या मराठी रसिकाला हे उमगेल. अद्‌भुत खेळण्याजोगे होते, ते अशा जित्या परंपरेच्या बळावर.