बागेंतील ट्रॅक्टर : टिकाऊपणाची कसोटी

ट्रॅक्टर म्हटला कीं विस्तीर्ण शेत डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत या यंत्राचें एक धाकटें भावंड भरभराटीस आलें. शहरालगतच्या वसाहतींत मोठें आवार बाळगणारीं कुटुंबें वाढलीं. गवत कापणें, भाजीची जमीन नांगरणें, हिवाळ्यांत दारापुढील बर्फ लोटणें, हीं सर्व कामें एकाच यंत्रानें करावीं अशी त्यांची अपेक्षा होती. त्या वेळच्या यंत्रांपैकीं कांहीं अर्धशतक उलटून गेल्यावरहि कामास येतात. याचें कारण 'जुनें तें मजबूत' एवढ्यानें सांगून संपत नाहीं.

इंडियाना राज्यांतील साउथ बेंड येथें १९४६ सालीं एल्मर पाँड व त्यांचे पुत्र सेसिल यांनीं सुरू केलेला धंदा पुढें 'व्हील हॉर्स' या नांवानें प्रसिद्धीस आला. त्यांच्या यंत्रांत इंजिनाची शक्ति पट्ट्यानें मागें जाई. तेथें गिअर आणि चाकांचा आंस एकाच बिडाच्या पेटींत बसविलेले असत. १९६१ सालीं इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीनें 'कब कॅडेट' बाजारांत आणला. त्याची गिअरपेटी याच कंपनीच्या 'फार्मॉल कब' या लहान शेतकी ट्रॅक्टरवरून घेतलेली होती. आरंभीं त्यांतहि पट्टा होता. परंतु १९६३ च्या नव्या नमुन्यांत तो जाऊन इंजिनाची शक्ति पोलादी दांड्यानें सरळ गिअरपेटीस पोहोंचूं लागली. त्याच वर्षीं जॉन डियर कंपनीनें विस्कॉन्सिनमधील होरिकन येथील कारखान्यांतून '११०' हा नमुना काढला. त्यांत पट्टा कायम होता; मात्र त्याच्या कप्प्यांचा व्यास कमीअधिक करून, गिअर न बदलतां वेग बदलतां येई.

या तिघांत श्रेष्ठ कोणता? प्रथमदर्शनीं दांड्याचा कब कॅडेट. नांगराचा ताण पडला कीं पट्टा घसरतो, दांडा घसरत नाहीं. पण जें घसरत नाहीं त्यांत बसलेला धक्का कोठें तरी जिरावाच लागतो. कब कॅडेटमध्यें तो दांड्याच्या जोडावरील खिळींवर येई, आणि कालांतरानें त्यांचीं भोकें लांबट होत. उलट, पट्टा स्वतः झिजून पुढील गिअरांस वांचवी, आणि नवा घालण्यास खर्चहि थोडा. अर्थात् मजबुती आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी सर्वस्वीं एक नव्हेत.

इंजिनाच्या बाबतींत मात्र हे प्रतिस्पर्धी पुष्कळ अंशीं सोयरे होते. पहिला कब कॅडेट व पहिला '११०' या दोहोंत कोलर कंपनीचें ७ अश्वशक्तीचें इंजिन होतें. व्हील हॉर्सच्याहि अनेक नमुन्यांत कोलरचींच इंजिनें असत. त्यांचा सिलिंडर बिडाचा असे. तो झिजल्यास किंचित् मोठा कोरून वाढीव मापाचा पिस्टन बसवितां येई, आणि इंजिनास जणूं दुसरा जन्म मिळे. उणीवहि होती. एका सिलिंडरच्या या इंजिनांत दाबानें तेल पुरविणारा पंप नव्हता. पिस्टनच्या जोडदांड्याची पळी तळांतील तेल उडवी, तेवढेंच वंगण. तेल कमी पडलें, किंवा तीव्र उतारावर फार वेळ काम झालें, तर जोडदांडा तुटण्याचा संभव असे. हवेच्या गाळणीकडे दुर्लक्ष झालें तर धूळ आंत शिरून सिलिंडर झिजे. म्हणजे यंत्राचें निम्में आयुष्य मालकाच्याच हातीं होतें.

सुधारणेनें दोष कसा येतो याचें उदाहरण १९७४ च्या सुमाराच्या कब कॅडेटमध्यें सांपडतें. आवाज व कंप कमी व्हावा म्हणून इंजिन रबराच्या बैठकांवर ठेवण्यांत आलें. बसणाऱ्यास आराम झाला. परंतु वर्षानुवर्षांनीं रबर नरम पडलें कीं इंजिन डोलूं लागे आणि दांड्याच्या जोडांना अपाय होई.

पुढें धंदा हातोहात गेला: कब कॅडेट १९८१ सालीं एम्‌टीडी कंपनीकडे, व्हील हॉर्स १९८६ सालीं टोरो कंपनीकडे. तरी जुन्या यंत्रांचा निकाल नांवावरून लागत नाहीं. जुना ट्रॅक्टर पारखतांना रंग व अश्वशक्ति मागाहून पाहावी; जोडाच्या खिळी, तेलाची स्थिति आणि गाळणीची बैठक आधीं पाहावी. हीं यंत्रें कधींच मोडलीं नाहींत असें नव्हे. मोडलेला भाग साध्या हत्यारांनीं काढून बदलतां आला, म्हणून तीं टिकलीं.