गिऱ्हाईक जीबी विचारतं

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न इतक्या वर्षांत बदलला नाही: "भाऊ, किती जीबीची आहे?" बदलत गेले ते मी त्याला उलट विचारतो ते प्रश्न. आमच्या मालेगावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीचा इतिहास त्या उलट प्रश्नांतच सापडतो. मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं. नाशिकवाल्या मालेगावापायी पार्सलवर आम्हाला जिल्हा ठळक लिहावा लागतो.

1998 साली वाशीम अकोल्यातून वेगळा झाला, पण सुट्या भागांसाठी आमची धाव अकोल्यालाच राहिली. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, पुढे तिचे एमएस-सीआयटीचे कॉम्प्युटर वर्ग तालुक्यापर्यंत आले आणि पोरांच्या खिशात 1.44 एमबीची फ्लॉपी दिसू लागली. तेव्हा मी विचारायचो, "घरी इन्व्हर्टर आहे का?" भारनियमनाचे दिवस होते. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि हेड तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगतं. लिहिता लिहिता लाइन गेली की फाइल अर्धवट. कधी विंडोजच उठेना.

2011 मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर भाव भडकले. तिकडच्या पुरानं इथलं बिल वाढलं, हे गिऱ्हाइकाला पटवणं डिस्क बसवण्याहून अवघड होतं.

तबकडीला पर्याय मात्र कधीचाच तयार होता. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1987 मध्ये नँड फ्लॅश जगापुढे मांडली: वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी चिप. 1988 साली सुरू झालेल्या सनडिस्कच्या, म्हणजे पुढच्या सॅनडिस्कच्या, संस्थापकांत कानपुरात जन्मलेले संजय मेहरोत्रा होते. या कंपनीनं 1991 मध्ये 20 एमबीची एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश चिपांची ड्राइव्ह, विकली. भाव सुमारे हजार डॉलर.

मग लॅपटॉपच पातळ झाले. अडीच इंची ड्राइव्हची जाडी साडेनऊ मिमीवरून सातवर आली, तरी ती मावेना. 2013 च्या सुमारास एम.2 आली, च्युइंगमच्या पट्टीएवढी. 2280 म्हणजे 22 मिमी रुंद, 80 मिमी लांब. 2242 आणि 2230 त्याहून आखूड.

आता माझे प्रश्न असे: मॉडेल नंबर काय? जागा किती लांबीची? स्लॉट साटा चालवतो की एनव्हीएमई? दोन्ही पट्ट्या दिसायला भावंडं, पण साटा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई हजारोंत जाते. आणि साटाच्याच स्लॉटमध्ये एनव्हीएमई बसवली तर लॅपटॉपला ती दिसतसुद्धा नाही. चिपा एकाच बाजूला आहेत ना? दोन्ही बाजूंनी असल्या तर पातळ लॅपटॉपचं झाकण बसत नाही. काही लॅपटॉपांत चिप बोर्डावरच डाखलेली असते. तिथे मी सरळ नाही म्हणतो.

आणि शेवटचा सल्ला: टेराबाइटचा हट्ट सोडा, पाचशेची घ्या, वाचलेल्या पैशात बाहेरची हार्ड डिस्क घेऊन ठेवा. जुनी डिस्क जाण्याआधी बहुधा खटखट करून सांगायची; चिप अनेकदा न सांगताच जाते. तबकडी आमच्या धंद्यातून अजून गेली नाही. ती लॅपटॉपातून निघून गिऱ्हाइकाच्या कपाटात गेली, एवढंच.