ताडपत्री आणि रुपयामागचा एक आणा

परवा सोयाबीन झाकायला ताडपत्री काढली तर शेजारचं पोरगं म्हणालं, "काका, ही कुठनं आणली?" म्हटलं, झेडपीच्या सेसमधनं, निम्म्या अनुदानावर. "सेस म्हणजे काय?" आता हे सांगायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

शेतसाऱ्याची पावती नीट बघा. साऱ्याबरोबर जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर वेगळा लावलेला असतो. तोच सेस. मुंबई इलाख्यात 1869 च्या लोकल फंड कायद्याने साऱ्याच्या रुपयामागं एक आणा जादा घेणं पक्कं झालं. त्यातले दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना. पैसे कुठं खर्चायचे ते ठरवणाऱ्या कमिटीवर कलेक्टर आणि त्याचे अधिकारी. शेतकऱ्यांच्या नावानं बसायचे ते नेमलेले मोठे खातेदार. 1884 च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं आली, काही जागा निवडणुकीनं भरू लागल्या. पण कलेक्टरची खुर्ची पुढं कितीतरी वर्षं हलली नाही.

मोठा बदल झाला 1 मे 1962 ला. बळवंतराय मेहता समितीनं 1957 मध्ये तालुक्याच्या पातळीवर भर द्यायला सांगितलं होतं. आपल्याकडं वसंतराव नाईक समितीनं जिल्हा बळकट केला आणि कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवलं. अध्यक्ष निवडून आलेला, कारभार बघायला मुख्य कार्यकारी अधिकारी. शाळा, दवाखाना, जनावरांचा दवाखाना, गावचे रस्ते, 100 हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव, सगळं झेडपीकडं. माझ्या मते त्या वेळी देशात एवढं धाडस थोड्याच राज्यांनी केलं.

पुढं 73 वी घटनादुरुस्ती झाली, 24 एप्रिल 1993 पासून लागू. पंचायतींसाठी 29 विषयांची यादी आली आणि त्यात पहिलाच विषय शेती! पण अधिकार किती द्यायचे ते राज्याच्या मर्जीवर सोडलं. म्हणून पंचायत समितीतले कृषी अधिकारी झेडपीचे, आणि बांधावर येणारे कृषी सहायक राज्य सरकारचे. ठिबकचा अर्ज घेऊन मी एकदा पंचायत समितीत गेलो, तर तिथून तालुका कृषी कार्यालयात धाडलं. भाड्याचे पैसे गेले ते गेलेच.

त्याच दुरुस्तीत लिहिलंय की मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. तरीपण 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक झेडप्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला, आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसले. आमच्याकडंही तेच. सेस मात्र आम्ही दरसाल भरला. त्यातून ताडपत्री द्यायची का कडबाकुट्टी, हे विचारायला आमच्या गटाचा सदस्यच नव्हता, अधिकाऱ्याच्या सहीनं ठरायचं.

ही ताडपत्री त्याच काळातली. माल चांगला आहे, अजून कुठं फाटलेली नाही.